पेशी स्वतःचीच विकरं का मोडते?

६५ किलो वजनाच्या भारतीय पुरुषाला दिवसाला साधारण ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० सालची शिफारस आहे. त्याच माणसाच्या शरीरात मात्र रोज अंदाजे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडली जातात आणि जवळपास तेवढीच पुन्हा बांधली जातात. जेवणातून येणारी प्रथिनं म्हणजे या उलाढालीचा जेमतेम पाचवा हिस्सा. बाकीचा व्यवहार आतल्या आत, मोडलेल्या प्रथिनांतून सुटलेल्या अमिनो आम्लांवर चालतो.

हे फुकटात होत नाही. दोन अमिनो आम्लं जोडणारा एक बंध तयार करायला पेशीला किमान चार एटीपीइतकी ऊर्जा खर्चावी लागते; एटीपी म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू. पाचशे अमिनो आम्लांचं एक मध्यम आकाराचं प्रथिन म्हणजे दोनेक हजार एटीपी. इतका खर्च करून बांधलेलं, नीट घडी बसलेलं, व्यवस्थित काम करणारं प्रथिन पेशी कधीकधी तासाभरात मोडून टाकते. मोडतानाही पुन्हा एटीपी खर्च करते. वरवर पाहिलं तर हा शुद्ध तोटा आहे.

यातला काही भाग साफसफाईचा असतो, हे खरं. चुकीची घडी पडलेली, उष्णतेने किंवा ऑक्सिडेशनने बिघडलेली प्रथिनं पेशीला हटवावीच लागतात. शाळेच्या पुस्तकात आणि वर्तमानपत्री लेखांत आपण तेवढंच वाचतो: पेशीची कचरा विल्हेवाट यंत्रणा. मला हे चित्र अर्धवट वाटतं, आणि त्यातली अधिक महत्त्वाची बाजू त्यात झाकली जाते. पेशी धडधाकट प्रथिनंही मोडते, आणि ती निवडून मोडते. कोणतं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक अभिक्रिया घडवणारं प्रथिन) आत्ता हवं आणि कोणतं नको, हे ठरवून त्यावर अंमल करण्याचा तो तिचा एक मुख्य मार्ग आहे. चयापचयाचा कारभार समजून घ्यायचा असेल, तर मोडण्याकडे बांधण्याइतकंच लक्ष द्यायला हवं.

मोडल्याने नियंत्रण कसं येतं

चयापचयाचा मार्ग म्हणजे एकामागून एक होणाऱ्या रासायनिक अभिक्रियांची मालिका. प्रत्येक पायरीवर एक विकर असतं, आणि सगळ्या पायऱ्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. बहुतेक मार्गांत एखाद-दुसरी पायरी सगळ्या मार्गाचा वेग ठरवते. तिथलं विकर वाढलं की पुढचा माल वाढतो, कमी झालं की आटतो.

अशा विकरावर ताबा ठेवण्याचे तीन रस्ते आहेत. विकर जागेवरच ठेवून त्याचं काम थांबवायचं किंवा सुरू करायचं. हे सेकंदा-मिनिटांत होतं. दुसरा रस्ता जनुकापाशी: नवीन विकर बनवणं कमी-जास्त करायचं. तिसरा रस्ता, असलेलं विकर मोडायचं.

दुसरा आणि तिसरा रस्ता एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून पटकन कळतं. टाकीतली पातळी भरणाऱ्या आणि उपसणाऱ्या अशा दोन्ही नळांवर ठरते. भरणारा नळ बंद केला, तर पातळी किती लवकर उतरेल? ते पूर्णपणे उपसणाऱ्या नळावर अवलंबून आहे. उंदराच्या जातीतल्या मोठ्या प्राण्याच्या, म्हणजे घुशीसारख्या दिसणाऱ्या प्रयोगशाळेतल्या रॅटच्या यकृतात आर्जिनेज नावाचं विकर आहे. त्याचं अर्धआयुष्य चार-पाच दिवसांचं. त्याचं उत्पादन आज थांबवलं तरी चार-पाच दिवसांनी निम्मं विकर शिल्लकच राहील. ज्याचं अर्धआयुष्य दोन तास आहे, अशा विकराचं उत्पादन थांबवलं, तर चोवीस तासांनी त्याचा चार हजारावा हिस्साही उरत नाही. उलट दिशेनेही हेच गणित लागू पडतं. उत्पादन अचानक दुप्पट केलं, तर नवी पातळी गाठायला लागणारा वेळ मोडण्याच्या वेगावरच ठरतो. म्हणून ज्या विकराला पटकन वर-खाली करायचं, ते अल्पायुषी असणंच सोयीचं. पेशी सतत मोडत राहते आणि सतत बांधत राहते. त्यावर खर्च होणारी ऊर्जा ही चपळाईची किंमत असते.

आणि खरोखरच, मार्गाचा वेग ठरवणारी विकरं पाहिली तर त्यांच्यात अल्पायुषी विकरांचा भरणा दिसतो. कोलेस्टेरॉलच्या मार्गातलं एचएमजी-कोए रिडक्टेज, पॉलिअमाइन (पेशीच्या वाढीला लागणारे लहान रेणू) बनवणाऱ्या मार्गातलं ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेज, टायरोसिन मोडणारं टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज ही त्यातलीच नावं.

अमेरिकेतले रॉबर्ट शिमकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली याचा एक सुरेख पुरावा दिला. यकृतात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मोडणारं एक विकर असतं; तेव्हा त्याला ट्रिप्टोफॅन पायरोलेज म्हणत. रॅटला हायड्रोकॉर्टिझोन हे संप्रेरक दिलं की हे विकर वाढायचं. नुसतं ट्रिप्टोफॅन दिलं तरीही वाढायचं. दोन्हींचा परिणाम वरून सारखा दिसत होता. पण किरणोत्सारी अमिनो आम्लं वापरून बांधणं आणि मोडणं वेगवेगळं मोजल्यावर कळलं की संप्रेरकाने विकराचं उत्पादन वाढवलं होतं, तर ट्रिप्टोफॅनने त्याचं मोडणं रोखलं होतं. ज्याच्यावर काम करायचं तो रेणू हाताशी असेपर्यंत विकर टिकून राहतं. काम संपलं की त्याचा टिकाव संपतो. इतका साधा आणि इतका समंजस हिशेब यकृत कुठल्याही देखरेखीशिवाय करतं.

उकळलेल्या नळीत काय उरलं

शरीरातली प्रथिनं एकदा बांधली की टिकून राहतात आणि अन्नातली प्रथिनं इंधनासारखी जळतात, अशी १९३० च्या दशकापर्यंत समजूत होती. नाझी जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलेल्या रुडॉल्फ शोनहायमर यांनी जड नायट्रोजनची खूण असलेली अमिनो आम्लं रॅटना खाऊ घातली. त्या नायट्रोजनचा बराच मोठा वाटा लघवीतून बाहेर न पडता शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसलेला सापडला, आणि प्राण्यांचं वजन तर वाढलेलं नव्हतं. म्हणजे तेवढंच जुनं प्रथिन मोडलं होतं.

मोडतं कोण, याचं उत्तर १९५५ मध्ये मिळाल्यासारखं वाटलं. बेल्जियमच्या ख्रिस्तियन द दूव्ह यांनी लयकारिका शोधल्या: पाचक विकरांनी भरलेल्या, आतून आम्लधर्मी असलेल्या पिशव्या. पण दोन गोष्टी जुळत नव्हत्या. लयकारिकेत पडलेलं सगळंच पचतं. मग शेजारी-शेजारी असलेल्या दोन विकरांपैकी एक दोन तासांत आणि दुसरं पाच दिवसांत का मोडावं? शिवाय प्रथिनाचे बंध तोडताना ऊर्जा बाहेर पडते, आपल्या आतड्यातली पाचक विकरं एटीपीशिवायच काम करतात. तरीही जिवंत पेशीत ऊर्जा बंद केली की प्रथिनं मोडणं थांबतं, हे १९५३ पासून माहीत होतं.

आव्राम हर्श्को हे इस्रायली संशोधक या कोड्यात शिरले ते एका चयापचयी विकराच्या निमित्ताने. १९६९ ते १९७१ या काळात ते सॅन फ्रान्सिस्कोला गॉर्डन टॉमकिन्स यांच्या प्रयोगशाळेत होते आणि टायरोसिन अमिनोट्रान्सफरेजचा अभ्यास करत होते. ऊर्जानिर्मिती रोखली की या विकराचं मोडणं थांबतं, हे त्यांना तिथे दिसलं. हायफाच्या टेक्निऑन संस्थेत परतल्यावर त्यांनी हा धागा सोडला नाही. विद्यार्थी म्हणून आरन चिहानोव्हर त्यांना येऊन मिळाले.

त्यांनी निवडलेली सामग्री विचारपूर्वक होती. सशाच्या रक्तातल्या अपक्व तांबड्या पेशींमध्ये लयकारिका उरलेल्या नसतात, तरीही त्या प्रथिनं मोडतात आणि त्यासाठी एटीपी वापरतात. या पेशी फोडून काढलेला अर्क त्यांनी दोन भागांत वेगळा केला. कुठलाही एक भाग एकटा प्रथिनं मोडत नव्हता. दोन्ही एकत्र केले की काम सुरू व्हायचं. पहिल्या भागात काय आहे ते शोधायचं होतं, पण त्यात हिमोग्लोबिन भरमसाट. म्हणून त्यांनी तो भाग चक्क उकळला. हिमोग्लोबिन गोठून चिखलासारखं खाली बसलं, आणि वरच्या निवळ द्रवात हवा असलेला घटक शाबूत होता. बहुतेक प्रथिनं उकळल्यावर कामातून जातात. हे छोटंसं प्रथिन टिकलं. ही १९७८ सालची गोष्ट.

पुढच्या दोन वर्षांत, फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्या साथीने, खरा धक्का बसला. हे लहान प्रथिन स्वतः काहीच तोडत नव्हतं. ज्याला मोडायचं त्या प्रथिनाला ते रासायनिक बंधाने चिकटत होतं, तेही एक नाही, ओळीने अनेक. १९८० मध्ये लक्षात आलं की हे तर १९७५ मध्येच वेगळ्या संदर्भात सापडलेलं युबिक्विटिन आहे. ७६ अमिनो आम्लांचं हे प्रथिन माणसात आणि यीस्टमध्ये फक्त तीन जागी वेगळं आहे. हर्श्को, चिहानोव्हर आणि रोझ यांना २००४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

निवड करतं कोण

युबिक्विटिन चिकटवण्याचं काम तीन विकरं मिळून करतात. त्यांना ई-१, ई-२ आणि ई-३ म्हणतात. ई-१ एटीपी खर्च करून युबिक्विटिनला कामासाठी तयार करतं. ई-२ ते पुढे वाहून नेतं. ई-३ एका हाताने ई-२ ला आणि दुसऱ्या हाताने नेमक्या प्रथिनाला धरतं आणि युबिक्विटिन त्याच्या अंगावर बसवतं. माणसात ई-१ फक्त दोन आहेत, ई-२ चाळीसच्या आसपास, आणि ई-३ सहाशेहून अधिक. या आकड्यांतच निवड कुठे होते ते कळतं. प्रत्येक ई-३ ची स्वतःची ठरावीक गिऱ्हाइकं असतात, आणि ते त्यांना त्यांच्या अंगावरच्या एखाद्या विशिष्ट भागावरून ओळखतं. तो भाग कधी कायम उघडा असतो, तर कधी एखादा फॉस्फेट बसल्यावर, ऑक्सिजन जोडला गेल्यावर किंवा रेणूचा आकार बदलल्यावरच उघडा पडतो. हवं तेव्हा मोडण्याची सोय इथे आहे.

युबिक्विटिनची साखळी लागलेलं प्रथिन प्रोटिअसोमपाशी जातं. प्रोटिअसोम म्हणजे एकावर एक बसलेल्या चार कड्यांचं पोकळ नळकांडं, दोन्ही टोकांना झाकणं. प्रत्येक कड्यात सात प्रथिनं. तोडणाऱ्या जागा मधल्या दोन कड्यांच्या आतल्या बाजूला आहेत, बाहेरच्या कुणाला चुकून लागणार नाहीत अशा. आत जाण्याची वाट इतकी अरुंद की घडी बसलेलं प्रथिन शिरूच शकत नाही. झाकणातली विकरं एटीपी खर्चून त्याची घडी उलगडतात आणि धागा आत ढकलतात. बाहेर पडतात ते तीन ते पंचवीस अमिनो आम्लांचे तुकडे. इतर विकरं त्यांची सुटी अमिनो आम्लं करतात. युबिक्विटिन आधीच काढून घेतलं जातं आणि पुन्हा वापरलं जातं.

एटीपी कशासाठी लागतो याचं उत्तरही यात आलं. तोडायला ऊर्जा लागत नाही. खूण करायला आणि घडी उलगडायला लागते, म्हणजे निवडीसाठी लागते.

कोलेस्टेरॉलचं गणित

आता एक उदाहरण जवळून पाहू, कारण त्याचा संबंध आपल्या घरांतल्या औषधांच्या डब्याशी आहे. लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) जास्त आलं की डॉक्टर बहुतेक वेळा अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोझुव्हास्टॅटिन लिहून देतात. ही औषधं ज्या विकराला धरतात, ते एचएमजी-कोए रिडक्टेज.

पेशी अॅसिटिल-कोए या साध्या रेणूपासून सुरुवात करून तीसेक पायऱ्यांनी कोलेस्टेरॉल बनवते. सुरुवातीच्या काही पायऱ्यांनंतर रिडक्टेजची पायरी येते आणि तीच मार्गाचा वेग ठरवते. हे विकर ८८८ अमिनो आम्लांचं आहे. त्याचा अर्ध्याहून जास्त भाग पेशीद्रवात असतो आणि अभिक्रिया घडवतो. उरलेला भाग आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीच्या आतल्या नळ्या-पिशव्यांच्या जाळ्याच्या) पटलातून आठ वेळा आरपार गेलेला असतो. हा पटलातला भाग अभिक्रियेसाठी लागतच नाही. मग तो आहे कशाला? तो जाणीव ठेवायला आहे. पटलात स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आणि त्याच्या जातीचे रेणू) किती साचलं, याची खबर त्याच भागातून विकरापर्यंत पोहोचते.

स्टेरॉल कमी असताना रिडक्टेजचं अर्धआयुष्य बारा तासांहून जास्त असतं. स्टेरॉल साचलं की ते तासाभराच्याही खाली येतं. घडतं असं: स्टेरॉल वाढलं की इनसिग नावाचं पटलातलंच एक प्रथिन रिडक्टेजच्या पटलातल्या भागाला येऊन चिकटतं. इनसिगच्या सोबत जीपी-७८ सारखं ई-३ असतं. ते रिडक्टेजवर युबिक्विटिन बसवतं. मग पी-९७ नावाचं प्रथिन एटीपी खर्चून या आठ वेळा विणलेल्या विकराला पटलातून अक्षरशः ओढून काढतं आणि प्रोटिअसोमच्या स्वाधीन करतं. यातली बरीचशी उकल अमेरिकेत डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात मायकेल ब्राउन, जोसेफ गोल्डस्टीन आणि नंतर रसेल डीबोस-बॉइड यांच्या प्रयोगशाळांत झाली.

यातले दोन तपशील मला फार देखणे वाटतात. पहिला असा की मोडण्याची जोरदार सूचना देणारं स्टेरॉल हे तयार कोलेस्टेरॉल नसून लॅनोस्टेरॉलच्या कुळातले, अर्ध्या वाटेवरचे रेणू असतात. मधला माल तुंबायला लागला, एवढ्यावरूनच सुरुवातीचं विकर काढून घेतलं जातं. लॅनोस्टेरॉलपासून कोलेस्टेरॉलपर्यंतच्या पायऱ्यांना ऑक्सिजनही भरपूर लागतो. तो कमी पडला तर मधले रेणू साचणार, आणि रिडक्टेज मोडून पेशी त्या साचण्यातून सुटते.

दुसरा तपशील असा की याच मार्गातून कोलेस्टेरॉलशिवाय इतरही गरजेच्या गोष्टी निघतात: श्वसनसाखळीतलं युबिक्विनोन, काही प्रथिनांना पटलाशी बांधून ठेवणाऱ्या शेपट्या, आणखी काही. कोलेस्टेरॉल पुरेसं झालं म्हणून मार्ग पूर्ण बंद केला तर या गोष्टींचा दुष्काळ पडेल. म्हणून स्टेरॉल एकटं रिडक्टेजचं मोडणं सुरू करतं, पण ते पुरतं घडून यायला जेरानिलजेरानिऑल या दुसऱ्या शाखेतल्या रेणूचीही साथ लागते. दोन्ही शाखांचं पोट भरलं, तरच पूर्ण बंद.

इनसिगचं आणखी एक काम आहे. कोलेस्टेरॉलची जनुकं चालू करणारं एक प्रथिन ते स्टेरॉल भरपूर असताना पटलातच अडकवून ठेवतं. म्हणजे नवीन रिडक्टेज बनवणं थांबवणारा आणि जुनं मोडायला लावणारा घटक एकच. स्टेरॉल घटलं की इनसिगच्या एका प्रकारालाच युबिक्विटिन लागतं आणि ते मोडलं जातं. रखवालदारालाही कायमची नेमणूक नाही.

जपानच्या साँक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींचे अर्क तपासून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन, कॉम्पॅक्टिन, शोधलं. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. स्टॅटिन रिडक्टेजची काम करण्याची जागा अडवतं. पण पेशीला काय दिसतं याचा विचार करा. स्टेरॉल कमी झालं, मधले रेणू आटले, इनसिग रिडक्टेजला धरेना. मोडणं थांबतं, उत्पादन वाढतं, आणि अडवलेलं रिडक्टेज साचत जातं. कॉम्पॅक्टिनला सरावलेल्या पेशी डॅलसमध्ये वाढवल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यात रिडक्टेज शेकडो पटींनी वाढलेलं निघालं. ते मावावं म्हणून आंतर्द्रव्यजालिकेचं पटल इतकं वाढलं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या नळ्या स्फटिकासारख्या एकसारख्या रचून ठेवलेल्या दिसत होत्या. मोडणं थांबलं की काय होतं, याचं याहून स्पष्ट चित्र मला माहीत नाही.

स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं, हा डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवातला नियम आहे. पेशीची ही भरपाई त्यामागच्या कारणांपैकी एक. यावरून स्टॅटिन कुचकामी आहे असा अर्थ कुणी काढू नये. स्टेरॉल कमी पडलेली यकृताची पेशी रक्तातलं एलडीएल ओढून घेण्यासाठी पृष्ठभागावर जास्त ग्राही (एलडीएलचे कण पकडणारी प्रथिनं) मांडते, आणि औषधाचा मुख्य फायदा तिथूनच मिळतो.

त्या ग्राहीचं आयुष्यही मोडण्यावरच ठरतं, पण रस्ता वेगळा आहे. एलडीएलचा ग्राही कण घेऊन पेशीत जातो, तो आत सोडतो आणि पृष्ठभागावर परत येतो; अशा शेकडो फेऱ्या करू शकतो. पीसीएसके-९ नावाचं प्रथिन त्याला चिकटलं, तर ग्राही परत न येता लयकारिकेत जाऊन पचतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत हे प्रथिन प्रमाणाबाहेर सक्रिय असल्याचं आढळलं. त्यांचं कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं होतं. २००६ मध्ये उलटी बाजू पुढे आली. ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये जन्मतः या जनुकाची एक प्रत निकामी होती, त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि पंधरा वर्षांच्या पाहणीत त्यांना हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. पीसीएसके-९ ला अडवणारी इंजेक्शनं २०१५ पासून उपलब्ध आहेत. ग्राहीचं उत्पादन न वाढवता फक्त त्याचं मोडणं टाळलं, तरी एवढा फरक पडतो.

यीस्ट आणि साखर

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये हाच विचार वेगळ्या रूपात दिसतो. साखर नसताना यीस्ट अल्कोहोलवर जगतं आणि स्वतःच ग्लुकोज बनवतं. त्यासाठी फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज हे विकर लागतं. ग्लुकोज जाळण्याच्या मार्गात याच्या नेमकी उलटी पायरी करणारं दुसरं विकर आहे. दोन्ही एकाच वेळी जोरात चालली, तर एक बांधणार, दुसरं मोडणार, आणि एटीपी वाया जाणार.

म्हणून ग्लुकोज मिळताच यीस्ट पहिल्या विकराला आधी जागच्या जागी थांबवतं. हे काही मिनिटांत होतं. मग अर्ध्या तासाच्या सुमारास निम्मं विकर मोडलेलं असतं. जर्मनीत फ्रायबुर्गला हेल्मुट होल्झर यांनी १९७० च्या दशकात हे अभ्यासलं. पुढे डिटर वोल्फ यांच्या गटाने हे मोडणं बिघडलेले यीस्ट वेगळे काढले आणि त्यातून जीआयडी हा ई-३ संच सापडला. हा संच विकर ओळखतो कशावरून, ते अलेक्झांडर वार्शाव्स्की यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं: धाग्याच्या अगदी सुरुवातीला असलेल्या प्रोलिन या एका अमिनो आम्लावरून. ग्लुकोज बनवणाऱ्या मार्गातल्या इतर काही विकरांतही प्रोलिन असंच सुरुवातीला किंवा दुसऱ्या जागी असतं, त्यामुळे ती एकगठ्ठा हटवली जातात. प्रोलिन पकडणारा घटक, जीआयडी-४, ग्लुकोज आल्यावरच बनतो.

युबिक्विटिनशिवायही

ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेज हे पॉलिअमाइन बनवणाऱ्या मार्गाचं पहिलं विकर. त्याचं अर्धआयुष्य दहा ते तीस मिनिटं, प्राण्यांच्या पेशीतल्या सर्वांत अल्पायुषी विकरांपैकी एक. त्याला युबिक्विटिन लागतच नाही. अँटिझाइम नावाचं प्रथिन त्याला धरून थेट प्रोटिअसोमकडे नेतं. अँटिझाइम बनायची तऱ्हा तर विलक्षण आहे. त्याच्या जनुकाकडून येणाऱ्या संदेशात मध्येच थांबण्याची खूण आहे. पॉलिअमाइन कमी असताना संदेश वाचून प्रथिन बांधणारा रायबोसोम तिथे थांबतो आणि अपुरं प्रथिन सोडून देतो. पॉलिअमाइन वाढलं की रायबोसोम त्या जागी एका अक्षराने पुढे सरकतो, थांबण्याची खूण वाचलीच जात नाही, आणि पूर्ण अँटिझाइम तयार होतं. तयार झालेला माल स्वतःच रायबोसोमला सरकवून आपल्या विकराचं मोडणं घडवून आणतो.

ऑक्सिजनच्या बाबतीतही असंच. हिफ हे प्रथिन ग्लुकोज जाळणारी जनुकं चालू करतं. ऑक्सिजन असताना त्याच्यावर ऑक्सिजनची खूण बसते, व्हीएचएल हे ई-३ त्याला ओळखतं आणि ते काही मिनिटांत नष्ट होतं. ऑक्सिजन कमी पडला की ते वाचतं. २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच शोधांसाठी होतं.

उपवासाचा विषय इथे निघतोच. लांब उपाशी राहिल्यावर स्नायूंतली प्रथिनं मोडून त्यांची अमिनो आम्लं यकृताला ग्लुकोज बनवायला दिली जातात, आणि पेशी आपल्याच काही भागांभोवती पटल गुंडाळून ते लयकारिकेत पचवते. या दुसऱ्या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल त्यावर मिळालं आणि तेव्हापासून 'इतके तास उपवास करा, ऑटोफॅजी सुरू होते, नोबेलने सिद्ध केलंय' असे संदेश फिरत आहेत. ओसुमी यांनी यीस्टमध्ये ही क्रिया चालवणारी जनुकं शोधली. माणसाने किती तास उपाशी राहावं, याबद्दल त्या कामात काहीही नाही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी तर अशा संदेशांवर अजिबात विसंबू नये.

औषध म्हणून मोडणं

प्रोटिअसोम रोखणारं बोर्टेझोमिब २००३ पासून मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर वापरलं जातं. या कर्करोगाच्या पेशी प्रतिपिंडं भरमसाट बनवतात. बिघडलेला माल हटवणं बंद पडलं की त्या इतर पेशींपेक्षा लवकर मरतात. त्याच कर्करोगावरचं लेनालिडोमाइड उलट्या दिशेने काम करतं: ते सेरेब्लॉन या ई-३ ला चिकटतं आणि त्याला एरवी न ओळखता येणारी प्रथिनं पकडायला लावतं. २००१ पासून संशोधक दोन टोकांचे रेणू जाणीवपूर्वक घडवत आहेत. एक टोक ई-३ ला धरतं, दुसरं नको असलेल्या प्रथिनाला, आणि पुढचं काम पेशी करते.

स्टॅटिनमुळे साचणारं रिडक्टेजही याच मार्गाने हटवता येईल का, हा प्रश्न प्रयोगशाळांत घेतला गेला आहे. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी स्टेरॉलसारखा एक कृत्रिम रेणू जाहीर केला. स्टेरॉल भरपूर असल्याचा भास तो रिडक्टेजला करून देतो आणि त्याचं मोडणं सुरू करतो. उंदरांना स्टॅटिनबरोबर तो दिल्यावर यकृतातलं रिडक्टेज साचणं घटलं आणि कोलेस्टेरॉलही कमी झालं.